आधी लेकरांचे ताट

आम्ही दोघेही नोकरीवाले, राहायला जालन्यात. नळाला रोज पाणी येत नाही. येते त्या सकाळी एकाने पाणी भरायचे, दुसऱ्याने मुगाची खिचडी टाकायची. एरवी ज्वारीची भाकरी, वरण, पालेभाजी. धाकट्याला तीच भाकरी वरणात कुस्करून, वर शेंगदाण्याचा कूट.

थोरली अंगणवाडीत जाते. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने तीन ते सहा वर्षांच्या लेकराला तिथे आहाराचा हक्क आहे. बाकीची भूक घरानेच भागवायची. अंडे आणले तर मुलीला मुलाइतकेच.

मीटिंग असो वा नसो, साडेसातला लेकरांची ताटे वाढलीच पाहिजेत. बंधू-भगिनींनो, लेकरे उपाशी झोपवून समाजकार्य होत नाही.