चाचणीत पास, अर्ज मात्र भरता येईना

लेख मागताना संपादकांनी एकच अट घातली. "ताई, तांत्रिक नको. वसई-विरारच्या साध्या वाचकाला कळलं पाहिजे." मी हो म्हटलं. पण माझं सगळं काम किरकोळ तांत्रिक गोष्टींपाशीच अडतं. त्या वगळल्या तर 'दिव्यांगांना मदत करा' एवढं भाषणच उरेल. तेव्हा अट अधूनमधून मोडणार, हे आधीच सांगते.

मी सरकारी आणि निमसरकारी संकेतस्थळं तपासते. अंध, अल्पदृष्टी, कर्णबधिर किंवा हात थरथरणाऱ्या माणसाला तिथलं काम आपलं आपण उरकता येतं का, हे पाहायचं. 'आपलं आपण' हे महत्त्वाचं. मदतीला माणसं मिळतात. शेजारचा मुलगा असतो, सायबरवाला असतो. पण त्यांच्या हाती आधार क्रमांक, बँकेचं कार्ड आणि ओटीपी सोपवावा लागतो. ओटीपी कुणाला सांगू नका, असं बँक आपल्याला सारखी बजावते. अंध माणसाला मात्र तो सायबरच्या काउंटरवर, रांगेतल्या चार जणांदेखत सांगावा लागतो.

आपल्या भागात याची निकड जास्त. २००९ साली चार नगरपालिका आणि ५३ ग्रामपंचायती मिळून वसई-विरार महापालिका झाली. २०१४ साली ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा निघाला, म्हणजे जिल्ह्याच्या कामाला पालघर गाठणं आलं. विरारच्या पुढे लोकल मोजक्या. कुबड्या घेऊन त्या गाडीत चढणं काय असतं, ते रोजच्या प्रवाशाला सांगायला नको. अर्नाळा किल्ल्यावर राहणाऱ्याला तर आधी होडी गाठावी लागते. घरबसल्या अर्ज ही इतरांची सोय असेल, या लोकांचा तो अख्खा दिवस आणि सोबतच्या माणसाची मजुरी वाचवतो.

आता जे प्रकरण अजून डोक्यातून जात नाही, ते सांगते. एका सार्वजनिक सेवेचं संकेतस्थळ आमच्याकडे तपासायला आलं. नाव सांगत नाही. कर भरायच्या पानावर चौकटीशेजारी 'मालमत्ता क्रमांक' असं ठळक लिहिलेलं होतं. डोळ्यांना दिसत होतं, पण आतल्या कोडमध्ये ते शब्द त्या चौकटीला जोडलेलेच नव्हते. आमचा अंध सहकारी 'एनव्हीडीए' हे पडदा वाचून दाखवणारं मोफत सॉफ्टवेअर वापरतो. त्याला ऐकू यायचं, 'एडिट, ब्लँक'. पुढची चौकट, पुन्हा 'एडिट, ब्लँक'. कुठे नाव घालायचं आणि कुठे रक्कम, याचा पत्ता नाही. जन्मतारखेचं कॅलेंडर माउसशिवाय उघडत नव्हतं. चूक झाली की चौकट नुसती लाल व्हायची. वेडीवाकडी अक्षरं ओळखायला लावणाऱ्या कॅप्चाला आवाजाचा पर्याय नव्हता.

आम्ही अहवाल दिला. कंत्राटदाराच्या पोरांनी संकेतस्थळ स्वयंचलित चाचणीच्या यंत्रावर घेतलं आणि यंत्र गप्प होईपर्यंत दुरुस्त्या केल्या. चित्रांना वर्णन नाही, अशी यंत्राची तक्रार होती, म्हणून प्रत्येक चित्राला 'इमेज' असं वर्णन दिलं. चौकटींना नावं नाहीत म्हटल्यावर 'फील्ड एक', 'फील्ड दोन' अशी नावं दिली. चाचणी हिरवीगार! आमच्या सहकाऱ्यानं पान पुन्हा उघडलं, तर 'इमेज, इमेज, इमेज' असा जप सुरू झाला आणि कर भरायचा राहिला तो राहिलाच. वर्णन आहे की नाही, एवढंच यंत्राला कळतं. ते खरं आहे की नाही, हे माणसालाच विचारावं लागतं. आम्ही तसं लेखी कळवलं. उत्तर आलं, "पण आता एकही एरर नाही ना?"

मराठीच्या अडचणी आणखी वेगळ्या. पानाची भाषा मराठी आहे, हे कोडमध्ये दोन अक्षरांत सांगायचं असतं. ते राहिलं तर इंग्रजी आवाज देवनागरी मजकूर बहुधा गाळून पुढे जातो. परिपत्रक जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये असेल, तर डोळ्यांना दिसते ती मराठी आणि आत साठवलेली असतात रोमन अक्षरं. वाचक सॉफ्टवेअर ती इमानदारीत वाचतं आणि ऐकणाऱ्याचं डोकं उठतं. सगळ्यांत वाईट प्रथा म्हणजे संगणकावर टाइप केलेलं पत्र छापायचं, त्यावर सही-शिक्का मारायचा आणि स्कॅन करून चढवायचं. ते पत्र म्हणजे निव्वळ फोटो. त्यात वाचायला एक अक्षर नसतं.

आणि आता ते बटण. संपादकांची आगाऊ माफी मागते, कारण या विषयावर मला थोडक्यात बोलता येत नाही. हल्ली पुष्कळ संकेतस्थळांच्या कोपऱ्यात माणसाच्या आकृतीचं गोल बटण असतं. दाबलं की अक्षर मोठं, रंग उलटे, बाण जाडा. बाहेरच्या कंपनीची एक ओळ कोडमध्ये टाकली की झालं, म्हणून अधिकाऱ्यांना ते आवडतं. पण अक्षर मोठं करायची सोय ब्राउझरमध्ये आधीपासूनच आहे. अंध माणसाला ते बटण सापडायलाच वाचक सॉफ्टवेअर लागतं आणि ते ज्याच्याकडे आहे त्याला बटणाचा उपयोग काय? 'फील्ड दोन' म्हणजे भरायची रक्कम, हे बटणाला कुठून कळणार? रॅम्प न बांधता पायऱ्यांवर व्हीलचेअरचं चित्र रंगवावं, तसला हा प्रकार. असं साधन विकणाऱ्या 'ॲक्सेसीबी' या कंपनीला अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं २०२५ साली फसव्या दाव्यांबद्दल दहा लाख डॉलर भरायला लावले. हे मी बैठकीत सांगते तेव्हा सगळे मान डोलावतात. पुढच्या निविदेत बटण असतंच.

उलट जे खरोखर मोजता येतं, त्यात कुणाला रस नसतो. पांढऱ्यावर करडी अक्षरं डिझायनरांना फार प्रिय. मजकूर आणि पार्श्वभूमी यांतला फरक किमान ४.५ला १ हवा, असं आंतरराष्ट्रीय निकष सांगतात. कोडमध्ये रंग सहा अक्षर-आकड्यांत लिहितात; सहा वेळा सात लिहून होतो तो करडा रंग पांढऱ्यावर ४.४८ला अडकतो, म्हणजे नापास. ७६७६७६ हा करडा ४.५४नं पास. दोन्ही शेजारी ठेवले तर मला स्वतःला फरक सांगता येणार नाही, तरी या मुद्द्यावर मी तासभर भांडू शकते. मग घरी येताना वाटतं, आपण भांडतोय ते कुणासाठी?

कायदा अपुरा आहे असंही नाही. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यानं अपंगत्वाचे प्रकार सातावरून २१वर नेले. २०२१ साली कोविड लसीकरणाच्या कोविन संकेतस्थळाबद्दल सर्वोच्च न्यायालयानं कॅप्चाला आवाज नाही, कळफलकावरून फिरता येत नाही, अशा नेमक्या उणिवा नोंदवल्या. वाचून मला आमचाच अहवाल वाचतेय असं वाटलं. नोव्हेंबर २०२४मध्ये राजीव रातुरी खटल्यात न्यायालयानं सुगम्यतेचे निकष नुसते शिफारशीवजा ठेवणारा १५वा नियम कायद्याशी विसंगत ठरवला आणि तीन महिन्यांत बंधनकारक नियम करायला सांगितलं. एप्रिल २०२५च्या प्रज्ञा प्रसून खटल्यात प्रश्न होता केवायसीचा, म्हणजे ग्राहकाची ओळख पटवण्याचा. ॲसिड हल्ल्यात डोळ्यांना इजा झालेल्या व्यक्तीनं कॅमेऱ्यासमोर पापण्या मिटून दाखवायच्या कशा? डिजिटल सेवा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असं न्यायालयानं तिथे स्पष्ट म्हटलं.

तरी बैठकीत पहिला प्रश्न ठरलेला, "आमच्या साइटवर असे लोक येतात तरी किती?" याचं उत्तर आकड्यांच्या तक्त्यात मिळत नाही, कारण भेट देणारा वाचक सॉफ्टवेअर वापरतोय की नाही, हे संकेतस्थळाला दिसतच नाही. आणि दिसू नये. सरकारी पानावर पाऊल टाकताच माणसानं आपलं अपंगत्व का जाहीर करावं? २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९ लाखांहून जास्त दिव्यांग नोंदले गेले. त्यात मोतीबिंदू पिकलेले आजोबा आणि प्लास्टरमधला हात धरला नाही तरी आकडा लहान नाही.

यावर माझा उपाय साधा आहे आणि म्हणूनच तो अप्रिय आहे. कंत्राटाचा शेवटचा हप्ता प्रमाणपत्रावर देऊ नये. एक अंध, एक हात न चालणारी आणि एक कर्णबधिर अशा तीन व्यक्ती बसवाव्यात, त्यांना बसल्या वेळेचे पैसे द्यावेत आणि बिल शोधणं, भरणं, पावती उतरवणं ही तीन कामं कुणी काही न सांगता करू द्यावीत. तिघांची कामं झाली की हप्ता सोडावा. आणि वर्षभरानं पुन्हा तेच करावं, कारण मधल्या काळात कुणीतरी स्कॅन केलेलं परिपत्रक चढवलेलं असतंच. निविदेच्या मसुद्यात हे कलम मी लिहून देते. अंतिम प्रतीत ते बहुतेकदा गाळलेलं असतं, कारण 'व्यवहार्य नाही'. सध्या एका नव्या निविदेचा मसुदा टेबलावर आहे. कलम लिहिलंय. या वेळी बटणाच्या कलमाच्या वर घातलंय.