तारेवरचा आवाज आणि माझी एक चूक

साउंड रेकॉर्डिंगचा कोर्स करत होतो तेव्हा परीक्षेत एक हमखास प्रश्न असायचा. रेकॉर्ड केलेल्या आवाजांपासून संगीत रचायला सुरुवात कुणी केली? उत्तर ठरलेलं : पिएर शेफर, पॅरिस, १९४८. आगगाड्यांचे आवाज घेऊन त्याने रचना केली. मी तेच लिहिलं, मार्क मिळवले आणि पुढे स्वतः शिकवायला लागल्यावर पोरांनाही तेच सांगत राहिलो. बरीच वर्षं.

मग एका विद्यार्थिनीने रात्री लिंक पाठवली. खाली एकच ओळ : "सर, हे १९४४ चं आहे. कैरोचं."

जेमतेम दोन मिनिटांचा तुकडा. हेडफोन लावले आणि आधी वाटलं, हेडफोनच बिघडलाय. शब्द कळत नाहीत, ताल सापडत नाही. लांब कुठेतरी माणसं गातायत आणि त्यांच्या-आपल्या मधे खोल पाणी आहे, असं काहीतरी. पुन्हा ऐकलं. पुन्हा.

हा आवाज हलीम एल-दाब यांचा. जन्म १९२१, कैरो. शिक्षण शेतकी इंजिनिअरिंगचं. कामानिमित्त खेडोपाडी फिरायचे आणि तिथली गाणी, वाद्यं कान देऊन ऐकायचे. १९४४ मध्ये त्यांनी कैरोतल्या रेडिओच्या ऑफिसातून वायर रेकॉर्डर मागून आणला. तेव्हा आवाज पोलादी तारेवर साठवला जायचा. ते जड धूड घेऊन ते 'झार'च्या विधीला गेले. झार म्हणजे ढोल आणि गाण्याच्या जोरावर झपाटलेल्या माणसाला शांत करायचा विधी. त्यात बायकाच पुढे असतात. आपल्याकडे अंगात येतं, ते डोळ्यांसमोर आणा, साधारण कल्पना येईल.

नुसतं रेकॉर्ड करून थांबले असते तर ते लोकसंगीताचं संकलन झालं असतं. एल-दाब ती तार घेऊन स्टुडिओत गेले. आवाजातला मूळ स्वर काढून टाकला आणि त्याच्या वर तरंगणारे सूक्ष्म स्वर तेवढे ठेवले. स्टुडिओच्या सरकत्या भिंती हलवून घुमारा कमी-जास्त केला, पुन्हा रेकॉर्ड केलं. गाणाऱ्या बायका गेल्या, त्यांच्या गळ्यांची सावली राहिली. ही रचना त्याच वर्षी कैरोत लोकांना ऐकवली गेली. शेफरच्या चार वर्षं आधी.

शेफरने काही ढापलं, असं मला म्हणायचं नाही. त्याने स्वतंत्रपणे काम केलं, मोठं केलं. पण त्याच्यामागे फ्रान्सचा सरकारी रेडिओ होता. त्याने या प्रकाराला नाव दिलं, त्यावर पुस्तक लिहिलं, शिष्य तयार केले. एल-दाब यांच्याकडे उसनं आणलेलं मशीन होतं. मूळ रचना वीसेक मिनिटांची, त्यातला हा दोन मिनिटांचा तुकडा सीडीवर आला तो २००० साली. ५६ वर्षांनी! तोवर पुस्तकं छापून झाली होती, प्रश्नपत्रिका ठरल्या होत्या.

बरं, हा माणूस काही अंधारात पडलेला नव्हता. १९५० मध्ये तो अमेरिकेला गेला, एरन कोपलंडकडे शिकला. मार्था ग्रॅहमच्या 'क्लायटेम्नेस्ट्रा' या गाजलेल्या नृत्यनाट्याचं संगीत त्याचं, १९५८ चं. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कच्या कोलंबिया-प्रिन्स्टन स्टुडिओत त्याने 'लैला अँड द पोएट' केलं. गीझाच्या पिरॅमिडसमोरच्या साउंड अँड लाइट शोचं संगीतही त्याचंच. म्हणजे किती हजार पर्यटकांनी ते ऐकलं असेल. नाव किती जणांना माहीत?

१९६९ पासून एल-दाब ओहायोतल्या केंट स्टेट विद्यापीठात शिकवत होते. ४ मे १९७० ला तिथेच, व्हिएतनाम युद्धाविरुद्ध निदर्शनं चालू असताना नॅशनल गार्डने गोळ्या झाडल्या. चार विद्यार्थी गेले. एल-दाब यांनी त्यावर 'ऑपेरा फ्लाइज' लिहिला, १९७१ मध्ये. नव्याने आलेला परदेशातला प्राध्यापक गप्प बसला असता तरी कुणी नावं ठेवली नसती. ते गप्प बसले नाहीत. २०१७ मध्ये, ९६ व्या वर्षी, केंटमध्येच ते गेले.

मला अस्वस्थ करते ती साधी गोष्ट. 'पहिला' हा मान काम करणाऱ्याला आपोआप मिळत नाही. ज्याच्या कामाची कुणीतरी नोंद ठेवली, त्याला मिळतो. आणि एकदा पुस्तकात आलं की माझ्यासारखे मास्तर ते पुढे ढकलत राहतात, कारण आम्हीही ते पाठच केलेलं असतं. यात वाईट हेतू कुणाचाच नाही, म्हणून तर चूक इतकी टिकते. ती दोन मिनिटं हरवली असती, तर आज हा वादसुद्धा नसता.

आता मी तो प्रश्नच बदललाय. "कुणी सुरुवात केली" असं विचारत नाही. "आपल्याला माहीत असलेली सगळ्यात जुनी उदाहरणं कोणती, आणि ती आपल्याला कशी माहीत झाली?" असं विचारतो. पोरं कुरकुरतात, उत्तर लांब होतं म्हणून. होऊ दे.

आणि त्या विद्यार्थिनीला तेव्हा नुसता थम्सअप पाठवला होता. थँक्यू राहिलं होतं. ते इथे जाहीरपणे.

शोधून ऐका जरूर. हेडफोन लावून.