चार चाकांवरचं बिऱ्हाड

रविवारची सकाळ होती. मी पोह्यांना फोडणी घालत होते आणि हे ओट्याशी येऊन उभे राहिले. हे ओट्याशी आले की काहीतरी हवं असतं, एवढं सोळा वर्षांच्या संसारात मला पाठ झालंय. पण या खेपेला मागणं चहाचं नव्हतं.

"अगं, एक वर्ष सगळं बाजूला ठेवून भारत बघायला निघायचं का? गाडीतच राहायचं. झोपणं, जेवण, मुलांचा अभ्यास, सगळं गाडीत."

मी म्हटलं, "आधी पोहे खा."

पण मैत्रिणींनो, खरं सांगते, ते वाक्य दिवसभर डोक्यात घोळत राहिलं. लग्नापासून आमचा प्रवास म्हणजे महाबळेश्वर, तिरुपती आणि एकदा सहलीच्या बसमधून दिल्ली-आग्रा. त्या बसमधून मी ताजमहाल पाहिला तो घड्याळाकडे डोळे लावूनच. एका गावात आठ दिवस राहावं, तिथल्या मंडईत भाजी घ्यावी, तिथल्या बायकांशी बोलावं, असं कधी झालंच नाही.

आम्ही सांगलीचे. विजेच्या सामानाचं दुकान आहे, ते दीर वर्षभर सांभाळायला तयार झाले. थोरला सातवीत आहे, धाकटी चौथीत. आणखी दोन वर्षांनी थोरल्याची नववी-दहावी, मग धाकटीची. म्हणजे आत्ता नाही तर थेट मुलांची लग्नं झाल्यावर! वरती एक खोली चढवायची म्हणून बँकेत ठेव ठेवली होती. तिच्यातून जुनी ट्रॅव्हलर गाडी घ्यायची आणि तिचं घर करून घ्यायचं, असं ठरत आलं. पण त्याआधी मी एक अट घातली. लग्नाआधी मुलगी बघतात ना, तशी ही गाडी आधी बघायची. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. अशा गाड्या भाड्यानेही मिळतात. म्हटलं, सहा दिवस राहून तर बघू.

रंगीत तालीम

गेल्या दिवाळीत भाऊबीज झाली आणि आम्ही निघालो. आंबा घाट उतरून रत्नागिरी, तिथून गणपतीपुळे, मग जयगड. जयगडहून तवसाळला फेरीबोट जाते, तिच्यावर गाडीसकट चढता येतं. आपलं घर पाण्यावरून चाललंय, हे बघून धाकटी टाळ्या पिटत होती. पलीकडे उतरलो आणि संध्याकाळी गुहागरला पोचलो.

गुहागरचा किनारा ज्यांनी पाहिलाय त्यांना सांगायला नको. लांबच लांब वाळू, काठाला सुरूची झाडं. गाडी लावली आणि हे तिघं किनाऱ्याकडे पळाले. "तूही ये गं," हे जाता जाता म्हणाले. मी म्हटलं, कणीक भिजवून येते. मग वाटलं, भिजवलीच आहे तर चार पोळ्या लाटून घेऊ. घडीच्या टेबलावर पोळपाट हलत होता, खिडकीतून वारा येऊन गॅस विझत होता. बटाट्याची भाजी टाकली. सकाळची भांडी तशीच होती, ती घासली. हात पुसून दार उघडलं तर बाहेर अंधार झालेला, आणि तिघंही पाय वाळूने भरवून दारात उभे. "आई, सूर्य एवढा मोठा होता! तू बघितलास ना?"

मी काही बोलले नाही. पानं वाढली. जेवणं झाल्यावर मात्र शांतपणे सांगितलं, "मला हे वर्ष नको. घरी निदान ओटा पक्का आहे."

कोणीच काही बोललं नाही. हे बाहेर जाऊन बराच वेळ वाळूत बसले. मला रडूही येत होतं आणि रागही. राग ह्यांच्यावर कमी, माझ्यावर जास्त. कारण "राहू दे, आज बाहेर खाऊ" असं म्हणायला मला कोणी अडवलं नव्हतं. घराला चाकं लावली म्हणून बाईच्या कामाला सुटी मिळत नाही. ते कामही चाकांवर बसून मागोमाग येतं. आणि घरी कामाला बाई असते, शेजारची काकू असते. तिथे कोणी नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे भांड्यांच्या आवाजाने जाग आली. हे चहा करत होते. साखर जास्त झाली होती, पण मी प्यायले. मग चौघं वाळूत बसलो आणि हे म्हणाले, "नकाशा नंतर काढू. आधी कामाचा कागद काढू." खरी योजना सुरू झाली ती त्या सकाळी.

कामाचा कागद

दिनदर्शिकेच्या पाठकोऱ्या पानावर आम्ही चार रकाने केले. तुमच्या उपयोगी पडेल म्हणून सांगते.

ह्यांच्याकडे पहाटेचा चहा, पाण्याची टाकी भरणं, गॅस, आणि संडासाची टाकी रिकामी करणं. हो, हे शेवटचं काम कोणाचं ते निघण्याआधीच ठरवा. नंतर त्यावरूनच भांडणं होतात. थोरल्याकडे अंथरुणं घडी करणं, चाकांची हवा बघणं आणि नकाशा. धाकटीकडे भांडी पुसणं, केर काढणं आणि खर्चाची वही. माझ्याकडे एक वेळचा स्वयंपाक. एकच वेळचा! दुसऱ्या वेळी खिचडी हे किंवा थोरला करणार, नाही तर त्या गावात जे मिळेल ते खायचं. बुधवारी गाडीत चूल पेटणार नाही. आणि सूर्य मावळताना पोळपाटाला हात लावायचा नाही, हा नियम धाकटीने स्वतः लाल पेनाने लिहिला.

माझ्या रकान्यात आणखी एक काम मी मागून घेतलं, रोज तासभर गाडी चालवण्याचं. साध्या मोटारीच्या परवान्यावर साडेसात हजार किलोपर्यंतची खासगी गाडी चालवता येते, म्हणून वेगळा परवाना लागला नाही. हिंमत तेवढी लागली. आता रविवारी पहाटे मोकळ्या रस्त्यावर सराव करते.

ऋतू बघून रस्ता

परतल्यावर नकाशा काढला. सुरुवातीला हे म्हणाले, "सरळ उत्तरेला जाऊ." पण वर्षाचा प्रवास अंतरावर आखून चालत नाही, तो पावसावर आखावा लागतो. लोणचं कधी घालायचं आणि पापड कधी वाळवायचे हे आपण ऋतू बघूनच ठरवतो ना, तसंच हे.

दिवाळीनंतर निघायचं. नोव्हेंबरात तमिळनाडूकडे वळायचं नाही, कारण त्यांचा मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरात पडतो. म्हणून आधी गोवा, हंपी, म्हैसूर, डिसेंबरात केरळ, आणि पोंगलला तंजावर. त्यांचा पोंगल म्हणजे आपली संक्रांतच. तंजावरला १६७६ ते १८५५ भोसल्यांचं राज्य होतं. तिथल्या बृहदीश्वराच्या देवळात सरफोजी राजांनी १८०३ साली भोसल्यांचा इतिहास मराठीत दगडावर कोरून ठेवलाय. घरापासून एवढ्या लांब देवळाच्या भिंतीवर आपली अक्षरं वाचायची, तर बरोबर तिळगूळ हवाच.

तिथून फेब्रुवारीत आंध्र आणि ओडिशा, चिलिका सरोवरावर परदेशी पाखरं असतात तोवर. मार्चमध्ये बंगाल आणि मेघालय, एप्रिलच्या मध्याला आसामात बिहू. आसाम-मेघालयाला परवाना लागत नाही. अरुणाचल, नागालँड, मिझोराम आणि मणिपूरला मात्र आधी काढावा लागतो, म्हणून सगळ्यांच्या ओळखपत्रांच्या प्रती एका पिशवीत घातल्या आहेत.

मे महिन्यात बिहार आणि उत्तर प्रदेशातून जावं लागेल. तिथे ऊन मी म्हणतं. पहाटे चार तास चालवायचं आणि दुपारी सावली गाठायची. मग उत्तराखंड, हिमाचल, आणि जुलै-ऑगस्टात लडाख. आपल्याकडे धो धो पाऊस असतो तेव्हा लडाखला कोरडं असतं, कारण डोंगर ढगांना अडवतात. लेह साधारण साडेतीन हजार मीटर उंचीवर आहे, तिथे एकदम चढलं की डोकं दुखतं, मळमळतं. म्हणून श्रीनगरहून कारगिलमार्गे हळूहळू चढायचं, वाटेत मुक्काम करायचा आणि लेहला पहिले दोन दिवस नुसतं पडून राहायचं. आणखी एक स्वयंपाकघरातली गोष्ट. तिथे पाणी अठ्ठ्याऐंशी अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे उघड्या पातेल्यात डाळ शिजता शिजत नाही. कुकरची जास्तीची रबरी रिंग आणि शिट्टी आत्ताच घेऊन ठेवली आहे.

सप्टेंबरात पंजाब, ऑक्टोबरात राजस्थान आणि दिवाळीला घर. कच्छचं पांढरं रण राहिलं. ऑक्टोबरात ते अजून ओलं असतं, नीट वाळतं ते डिसेंबरात. ह्यांना फार हळहळ वाटली. मी म्हटलं, सगळं एकाच ताटात वाढलं तर पोट बिघडतं. रण पुढच्या खेपेला.

हिशोब आणि काळज्या

अंतर सुमारे सोळा हजार किलोमीटर होईल. ऐकायला खूप, पण ३६५ दिवसांनी भागलं तर दिवसाला ४४ किलोमीटरच! म्हणून नियम असा, की एका दिवसात दोनशेच्या वर जायचं नाही आणि पोचलो की तीन-चार दिवस हलायचं नाही. लिटरला आठ किलोमीटर धरले तर दोन हजार लिटर डिझेल लागेल. नव्वद रुपये भावाने एक लाख ऐंशी हजार. जेवणखाण घरी होतं तेवढंच धरलंय. दुरुस्ती आणि आजारपण यांचे पैसे वेगळे ठेवलेत, त्यांना हात लावायचा नाही.

गाडीचं घर करून घ्यायचं तर आधी आरटीओची परवानगी घ्या, मग सुताराला बोलवा. परवानगीवाचून केलेला बदल चालत नाही, विम्याच्या वेळी तर नाहीच. पाण्याचं वजन विसरू नका. शंभर लिटरची टाकी म्हणजे शंभर किलो. जो डबा घरी "असू दे" म्हणून ठेवतो, तो तिथे नको. माझी भांडी मी एकोणतीसवरून अकरावर आणली. गॅससाठी पाच किलोचा छोटा सिलिंडर ओळखपत्र दाखवून मिळतो. चालत्या गाडीत आणि फेरीबोटीवर त्याचा कॉक बंदच हवा.

बरोबर भाजणी, मेतकूट, गोडा मसाला आणि सुक्या खोबऱ्याची चटणी. बाकी जिथलं तिथे घ्यायचं. बिहारमध्ये सातू मिळतं, त्याचं पाणी उन्हात फार गुणाचं.

शाळेची काळजी मला सगळ्यात जास्त होती. मुख्याध्यापिका बाईंना भेटले. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला वयाला साजेशा वर्गात प्रवेश मिळतो. म्हणजे थोरला परतून आठवीच्या दुसऱ्या सत्रात बसू शकेल. पण वर्गात बसणं वेगळं आणि गणित येणं वेगळं, हेही बाईंनी स्पष्ट सांगितलं. म्हणून सकाळी दोन तास गाडी हलणार नाही. रोज गणित, एक पान शुद्धलेखन, आणि आठवड्याला शाळेतल्या मित्रांना एक पत्र.

राहता राहिल्या सासूबाई. वय एकाहत्तर. त्यांना कसं सांगावं म्हणून आम्ही दोघं आठ दिवस एकमेकांकडे बघत होतो. शेवटी त्यांनीच विचारलं, "माझं काय ठरवलंत?" दिरांकडे राहाल का, असं मी चाचरत म्हटलं. त्या म्हणाल्या, "राहीन की. पण रामेश्वर आणि काशीला मी रेल्वेने येणार. तिथे मला उतरवून घ्या, आठ दिवस तुमच्यात राहीन आणि परत जाईन. अहिल्याबाईंनी बांधलेलं विश्वनाथाचं देऊळ मला बघायचंय." ते १७८० सालचं. काशी तर आमच्या वाटेवर मे महिन्यात येते. मी उन्हाचं सांगितलं, तर म्हणाल्या, "तुझ्या गच्चीवर मेमध्ये कुरडया मीच घालते ना?" मग काय बोलणार?

गाडी आता गॅरेजमध्ये आहे. मी खिडक्यांचे पडदे शिवतेय, जुन्या साड्यांचे. येत्या दिवाळीनंतर निघू. मन अजून धाकधूक करतं. कोणी आजारी पडलं तर, दुकान बसलं तर, मलाच घराची आठवण आली तर. या सगळ्याची उत्तरं नाहीत माझ्याकडे. पण दर तीन महिन्यांनी चौघांनी बसायचं आणि कोणा एकाला जरी नको वाटलं तरी घराकडे वळायचं, हेही त्याच कागदावर लिहिलंय.

तुमच्याही घरी कोणी रविवारी ओट्याशी येऊन असं काही विचारलं, तर हसण्यावारी नेऊ नका. पोहे खायला घाला आणि मग कागद-पेन्सिल आणायला सांगा. फक्त नकाशाच्या आधी कामाचे रकाने आखून घ्या. आमचा तो कागद मी गाडीत लावायला सांगितलाय, अगदी शेगडीच्या वर.