गाडीतला अबोला

गाडी चालू झाली नाही की आपली पहिली शंका बॅटरीवर, दुसरी सेल्फवर आणि तिसरी थेट नशिबावर! पण आजकालच्या गाड्यांना आणखी एक दुखणं होऊ शकतं. सगळे पार्ट धडधाकट असतात, फक्त एकमेकांशी बोलणं बंद करतात. चक्क अबोला!

आमच्या दहा वर्षं जुन्या हॅचबॅकला हा अबोला ऐन पावसाळ्यात जडला. किल्ली फिरवली की डॅशबोर्डवर दिवाळी, किल्लीचं चिन्ह लुकलुकतंय आणि सेल्फ मात्र हूं की चूं करत नाही. वर्कशॉपवाल्यांनी स्कॅनर लावला. कोड आला, यू०१००. निदान झटपट : "ईसीएम गेलाय. नवा टाकावा लागेल. बेचाळीस हजार." बाबांनी रिटायरमेंटच्या पैशांतून हौसेनं घेतलेली गाडी ती. पण आकडा ऐकून तेच म्हणाले, "विकून टाकू गं. या वयाच्या गाडीत एवढे पैसे कोण घालणार?"

मला पटेना. मी त्या कोडच्याच मागे लागले.

गाडीत इंजिन, ब्रेक, एअरबॅग, किल्ली ओळखणारा इमोबिलायझर, अशा प्रत्येकाचा छोटा कॉम्प्युटर असतो. हे मॉड्यूल. दोन तारांवरून ते सतत एकमेकांना निरोप धाडतात. या व्यवस्थेला म्हणतात कॅन बस. बॉश कंपनीनं ती १९८६ मध्ये जगापुढे आणली. 'किल्ली खरी आहे' हा निरोप इंजिनच्या कॉम्प्युटरला मिळाला नाही, तर गाडी चालू होत नाही. आणि यू०१०० चा अर्थ एवढाच, की इतरांना इंजिनच्या कॉम्प्युटरचा आवाज ऐकू येत नाहीये. तो मेलाय, असं कोड म्हणतच नाही! ऑफिसात एखाद्याचा मेल आला नाही, म्हणून तो नोकरी सोडून गेला असं आपण धरतो का? सर्व्हर डाऊन असू शकतो ना, बॉस!

शेवटी एक वायरिंगवाले काका सापडले. "ताई, पार्ट नंतर. आधी तार बघू," म्हणाले. बॅटरी तपासली, साडेबारा व्होल्ट. फ्यूज आणि अर्थिंगही ठीक. मग बॅटरीची तार सोडवून त्यांनी स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटमध्ये सहाव्या आणि चौदाव्या पिनला मल्टिमीटर लावला. या लाइनच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर असतो. दोन्ही जागेवर असतील तर मीटर साधारण ६० दाखवतो. आमच्याकडे आले १२०. म्हणजे एक टोक तुटलेलं!

तुटलं होतं डाव्या सीटपुढच्या कार्पेटखाली. पावसाचं पाणी झिरपून कनेक्टरवर हिरवी बुरशी आल्यासारखा गंज चढला होता. काकांनी तेवढा तुकडा कापून नवा जोडला, सोल्डर केला आणि तारांना पूर्वीसारखा पीळ दिला. पीळ शोभेचा नसतो. बाहेरचा विद्युत गोंधळ त्यामुळे दोन्ही तारांवर सारखाच येतो आणि मॉड्यूल फक्त त्यांच्यातला फरक वाचत असल्यानं निरोप बिघडत नाही.

बिल पंधराशे. जुनाच ईसीएम आजही मजेत आहे, आणि गाडी विकायचा विषय बाबांनी परत काढलेला नाही.

तेव्हा तुम्हाला कुणी महागडा पार्ट बदलायला सांगितला, तर एकच प्रश्न विचारा : "मीटर लावून बघितलंत का?"