ट्रॅक्टरवरचा चिपर, सुट्टीतली मुलं आणि भारतातून आलेले आई-बाबा



इथे शहराबाहेर लाइफस्टाइल ब्लॉक घेतलेल्यांसाठी ही पोस्ट. शेल्टरबेल्टची छाटणी झाली किंवा वाऱ्याने मॅक्रोकार्पा आडवा झाला की फांद्यांचा डोंगर साचतो. उन्हाळ्यात फायर अँड इमर्जन्सीची बंदी लागली की तो जाळताही येत नाही. मग भाड्याने म्हणा, विकत म्हणा, ट्रॅक्टरला जोडायचा वूड चिपर येतो. नेमकं तेव्हाच मुलांना सुट्टी असते आणि भारतातून आई-बाबा आलेले असतात. सगळ्यांनाच मदत करायची असते!

मी सीए आहे, त्यामुळे आधी हिशोब. ट्रॅक्टरचा पीटीओ साधारण मिनिटाला ५४० फेरे फिरतो, म्हणजे सेकंदाला ९. शाफ्टचा घेर २० सेंटीमीटर धरला तरी सेकंदाला १८० सेंटीमीटर कापड गुंडाळलं जातं. अडीच मीटरची ओढणी दीड सेकंदाच्या आत संपते. "अगं, सोड!" म्हणून ओरडेपर्यंत सगळं आटपलेलं असतं. म्हणून सावधपणावर भरवसा ठेवू नका. जे करायचं ते यंत्र सुरू होण्याआधी.

आपले आई-बाबा म्हणतील, "आम्ही कडबाकुट्टी चालवलीय, आम्हाला काय शिकवता?" खरं आहे. पण गावाकडे हात गमावलेला माणूसही आपण पाहिलेला असतो. मळणी यंत्रांच्या अपघातांमुळे भारतात १९८३ साली धोकादायक यंत्रांसाठी स्वतंत्र कायदा करावा लागला. ही माणसं अडाणी नव्हती, रोजचं काम करणारीच होती. सवय झाली की भीती जाते आणि हात पुढे जातो.

आता मुख्य नियम. फांदी अडकली की आधी पीटीओ बंद, मग इंजिन बंद, मग किल्ली काढून खिशात. ज्याचा हात यंत्रात जाणार, किल्ली त्याच्याच खिशात. दुसऱ्या कुणाकडे नाही, ट्रॅक्टरला लटकत तर मुळीच नाही. आणि त्यानंतर थांबायचं. आतलं जड चाक इंजिन बंद झाल्यावरही बराच वेळ फिरत राहतं. आवाज थांबला म्हणजे पाती थांबली असं नाही. चाक पूर्ण थांबलेलं दिसेपर्यंत झाकण उघडायचं नाही.

फांदी घालताना बुंध्याकडचं टोक आधी, आणि आपण तोंडासमोर न राहता बाजूला उभं राहायचं. रोलरने फांदी पकडली की लगेच सोडून मागे व्हायचं. बारीक काटक्या हाताने किंवा पायाने कधीही ढकलू नका. लांब फांदीवर ठेवून सोडा, नाहीतर लाकडी दांड्याने पुढे सारा. लोखंडी पंजा नको. ओढणी, साडीचा पदर, मंगळसूत्र, बांगड्या, हुडीची दोरी, मोकळे केस यातलं काहीही जवळ नको. हातमोजे घट्ट बसणारे हवेत, मनगटाशी सैल नकोत. डोळ्यांना चष्मा, कानाला मफ. फीड थांबवणारी दांडी रोज सुरुवातीलाच ओढून बघा. आणि एकट्याने हे काम करू नका.

देखभालीकडे आपण खर्च म्हणून बघतो. इथे ती सुरक्षाच आहे. पाती बोथट झाली की फांदी आत ओढली जात नाही, आणि मग माणूस ढकलायला लागतो. तुकडे स्वच्छ कापलेले येताहेत तोवर ठीक. चोथ्यासारखे, धाग्याधाग्याचे आणि भुकटीसकट यायला लागले की धार गेली समजा. सगळी पाती एकत्रच धार लावून घ्या, नाहीतर वजन कमीजास्त होऊन यंत्र थरथरतं. स्थिर पात्यापासूनचं अंतर आणि बोल्ट किती आवळायचे हे मॅन्युअलप्रमाणे. शिअर बोल्ट तुटला तर त्याच दर्जाचा घाला. "जरा मजबूत टाकू" म्हणालात तर झटका थेट गिअरबॉक्सला बसतो. शाफ्टवरचं प्लॅस्टिकचं आवरण तडकलं असेल किंवा त्याची साखळी तुटली असेल तर त्या दिवशी काम बंद. मी तासांची वही ठेवते. तारीख, किती तास चालवला, ग्रीस, धार, बोल्ट. ऑडिटसारखंच, नोंद नसेल तर काम झालंच नाही असं धरायचं.

"इथे एसीसी आहे ना" असं कुणीतरी म्हणेलच. आहे. चूक कुणाची हे न बघता अपघाताच्या उपचारांना मदत मिळते, पाहुण्यांनाही, ते इथे आहेत तोवर. इथे कमावत असाल तर साधारण ८० टक्के उत्पन्नही मिळतं. पण भारतातून आलेल्या आजोबांचं इथे उत्पन्न नाही, आणि परत गेल्यावर पुढचा खर्च सहसा आपलाच. बोटांची भरपाई तर कुठल्याच तक्त्यात बसत नाही.

इथल्या कायद्यात कामाच्या ठिकाणी १५ वर्षांखालच्या मुलांना यंत्रावर काम करू देत नाहीत. आपला ब्लॉक "कामाची जागा" ठरतो की नाही, हा वाद घालत बसू नका. घरात तोच नियम ठेवा. यंत्र चालू असताना मुलं कुंपणापलीकडे, आणि त्यांच्याजवळ एक मोठं माणूस.

राहिले आजी-आजोबा. त्यांना "तुम्ही बसा" म्हटलं की वाईट वाटतं, आणि मग ते हळूच मदतीला येतात. त्यापेक्षा आदल्या दिवशीचं काम त्यांच्याकडे द्या. फांद्यांचे बुंधे एका बाजूला लावणं, त्यातली तार, खिळे, दगड शोधून काढणं. एक खिळा पात्यांची वाट लावतो, त्यामुळे हे काम खरंच मोलाचं आहे. यंत्र बंद झाल्यावर झाडांभोवती चिप्स पसरायलाही तेच पुढे. मग म्हणू देत मुलीला फोनवर, "आज आम्ही दोघांनी मिळून बाग केली." म्हणतील ते दोन्ही हात शाबूत ठेवून.

तुमच्याकडे घरातल्या वडीलधाऱ्यांना हे कसं समजावता? कॉमेंटमध्ये जरूर लिहा. आणि ज्यांच्याकडे या शनिवारी चिपर येतोय, त्यांना ही पोस्ट पाठवा.