स्वाध्यायाचा पाचवा प्रकार



दशलक्षण पर्व आटोपलं आणि दुसऱ्याच आठवड्यात मी बेंगळुरूला पायकॉन इंडियात बोलून आले. पायथॉन ही संगणकाची भाषा वापरणाऱ्यांची ही परिषद 2009 पासून भरते आणि स्वयंसेवक ती चालवतात. बोलायला कुणाची ओळख लागत नाही. आपल्या विषयाचा प्रस्ताव पाठवायचा, तो वाचून निवड होते.

इतकं सोपं असूनही प्रस्ताव पाठवायला हात धजेना. महिला मंडळात भजनालासुद्धा मी मागच्या रांगेत बसणारी. शेकडो लोकांसमोर उभं राहून आपली हुशारी सांगायची, हा मान कषाय नाही का? बाईनं गप्प राहावं, यालाच आपण कित्येकदा मार्दव समजतो.

सासूबाईंजवळ बोलले. त्यांचा तत्त्वार्थसूत्राचा रोजचा पाठ असतो. त्यांनी उलट मलाच विचारलं, "स्वाध्यायाचे प्रकार किती, सांग बघू?" मी म्हणाले, "पाच. वाचना, पृच्छना, अनुप्रेक्षा, आम्नाय आणि धर्मोपदेश." "मग चारांवरच का थांबतेस? आणि सहाव्या अध्यायात निह्नव काय सांगितलाय? आपल्याजवळचं ज्ञान लपवणं. त्यानं ज्ञानावरण कर्म बांधलं जातं. तुझं कॉम्प्युटर म्हणजे धर्म नव्हे, हे मलाही कळतं गं. पण येत असलेलं दुसऱ्याला द्यायचं, ही सवय तर एकच ना?"

त्याच रात्री प्रस्ताव पाठवला. विषय होता, देवनागरी अक्षरं आणि संगणक.

आता हे तुम्हालाही कळेल असं सांगते. 'क्षमा' या शब्दात अक्षरं किती? आपण म्हणू, दोन. पायथॉनला विचारलं तर तो पाच सांगतो : क, हलन्ताची खूण, ष, म आणि काना. म्हणून 'नाव दहा अक्षरांत लिहा' असा नियम प्रोग्राममध्ये घातला, की इंग्रजी नाव मावतं आणि आपलं मध्येच तुटतं.

दुसरं उदाहरण 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' यांचं. एक पंचपरमेष्ठींतले, दुसरे पंगतीचा स्वयंपाक करणारे! दुसऱ्या शब्दातल्या 'ऱ'ला संगणकात वेगळा क्रमांक आहे. त्याची फोड केली तर र आणि खाली नुक्ता अशी होते. शोध सोपा व्हावा म्हणून काही प्रोग्राम नुक्ता काढून टाकतात. मग आचारी आणि आचार्य एकच होतात. हे समजावलं तेव्हा सभागृहात मराठी न येणारेही हसले.

उभी राहण्याआधी मनात णमोकार म्हटला. पहिली दोन मिनिटं आवाज कापत होता. नंतर वाटलं, दोन घटिका, म्हणजे 48 मिनिटं, आपण सामायिकाला स्थिर बसतो; इथं तर त्याहून कमीच वेळ उभं राहायचंय. मग श्वास लागी लागला.

शेवटी प्रश्न आले. एका मुलानं तमिळ लिपीबद्दल विचारलं. मी म्हणाले, "मला ते माहीत नाही. तुम्हीच सांगा." तो उठून पाच मिनिटं सुंदर बोलला. पृच्छना दोन्ही बाजूंनी असते, हे तिथं नीट उमगलं.

खाण्याचं विचाराल, म्हणून सांगते. रात्रीच्या जेवणाला मी गेले नाही. दशम्या, खाकरे आणि शेंगदाण्याची चटणी घरून नेली होती. सूर्यास्ताआधी जेवून घेतलं, पाणी उकळून बाटलीत ठेवलं. "एवढ्यातच जेवलात?" असं दोघींनी विचारलं. कारण सांगितल्यावर त्या शेजारी बसून एकेक दशमी खाऊन गेल्या. नियम पाळायला कुणाशी भांडावं लागलं नाही.

मैत्रिणींनो, तुमच्यापैकी कुणी हिशेब उत्तम ठेवतं, कुणी शिवण शिकवू शकेल, कुणाला औषधांतलं कळतं. "मला कुठं काय येतं" हे वाक्य आपल्या तोंडी फार लवकर येतं. ते म्हणण्याआधी एकदा स्वतःला विचारा, हे मार्दव आहे की निह्नव?

मंडळाच्या पुढच्या सभेत मी पुढच्या रांगेत बसणार आहे. शेजारची जागा तुमच्यासाठी धरून ठेवते.

जय जिनेंद्र.