टेंभरं खाल्लीत का?

टेंभरं! इतकी वर्षं हे फळ माझ्यापासून कुणी लपवून ठेवलं होतं? लिंबाएवढं, मळकट पिवळं, जागोजागी तांबूस-तपकिरी डागांचं, देठाशी वाळकी चिवट टोपी. दिसायला अगदीच यथातथा. पण अंगठ्यानं दाबा, कडक साल कटकन फुटते आणि आत पिवळाधमक, चिकट गर! आधी खजुरासारखी दाट गोडी, मग मागून हलकेच तुरटपणा येतो आणि त्या गोडीला वेसण घालतो. बिया चपट्या, तुकतुकीत. गर त्यांना असा बिलगलेला की चोखतच बसावं.

वरठीला, भंडारा रोड स्टेशनबाहेर, भर मे महिन्यात एक मावशी टोपली घेऊन बसल्या होत्या. “खाऊन तं पाय बाई, आवडलं नाही तं पैसे नको देऊ.” मी खाल्लं. मग आणखी खाल्लं. एक कच्चट निघालं तेव्हा तोंड असं आवळलं की काही विचारू नका; ते टॅनिन! पिकलं की तेच नमतं.

इंग्रज लोक एग्रेमॉन्ट रसेट नावाच्या खरबरीत, तपकिरी सालीच्या जुन्या सफरचंदाचं केवढं कौतुक करतात! आणि आपण? मॉलमधलं महागडं पर्सिमॉन हौसेनं आणतो. तेही टेंभराच्याच गोतातलं, पण टेंभराला विचारतो कोण?

कारण झाड तेंदूचं. विडीच्या पानापायी फळ मागेच पडलं. कोवळं, मोठं पान हवं म्हणून झुडपं छाटतात, कुठे कुठे जंगलाला आगही लावतात. छाटलेल्या झुडपाला कसलं आलंय फळ! ते धरतं मोकळं वाढू दिलेल्या झाडाला. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावानं तर कमालच केली. 2006 च्या वनहक्क कायद्यानं जंगल हाती आलं आणि ग्रामसभेनं तेंदूपान तोडणंच थांबवलं. हातातोंडाशी आलेला पैसा सोडून झाडं राखणं, हे सोपं नाही हो!

पिशवीभर टेंभरं घेऊन भंडाऱ्याची रिक्षा धरली. रिक्षावाले काका माझं चोखणं आरशातून बघत होते. म्हणाले, “अन् चारं खाल्ली का?”

चारं? म्हणजे ज्याच्या बीतून चारोळी निघते ते फळ? तेही आत्ताच पिकतं? काका, वळवा रिक्षा!